बाकाच्या पुढची पावलं

सुताराची धाव एकशे चाळीस पावलांची. पायाची रक्तवाहिनी बुजत आलेली, त्यामुळे तेवढं चाललं की पोटरी पिळवटून यायची. म्हणून नेमक्या त्याच जागी त्यानं कालव्याकाठी एक बाक ठोकला होता. संध्याकाळी तो बाकावर बसायचा आणि बायको वळणावरून पुढं पुलाकडे जायची. परत आली की सांगायची, पाणी किती चढलंय, बदकाला पिल्लं किती झालीत. ऐकताना त्याचा जीव तुटायचा. चाळीस वर्षं दोघं रोज त्या पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली होती. एकदा, निदान एकदा तरी तिथं तिच्याबरोबर जायचं होतं त्याला.

म्हणून तर त्यानं पोटरीत सुया टोचून घेतल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही नव्या औषधाची चाचणी आहे. त्यानं बुजलेल्या वाहिनीच्या आजूबाजूला नव्या बारीक वाहिन्या फुटतील, अशी आशा आहे. पण निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी मिळणार. कुणाला काय, हे शेवटीच कळेल. तुम्ही मात्र रोज चाला. दुखलं की थांबा, मग पुन्हा चाला. चालण्यानंही त्या फुटतात."

तो सकाळी अंगणात गोल गोल चालायचा. संध्याकाळी मात्र बाक आला की बसायचा. वळणापलीकडे पाय अडला तर? सुतार लाकडाला भीत नव्हता, पण पायाला भ्याला होता.

सहा महिन्यांनी पत्र आलं. मिठाचं पाणी! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको आज आधीच फिरायला गेली होती. तिला आत्ताच्या आत्ता सांगायचं म्हणून तो तरातरा निघाला. पावलं मोजायची राहिली, बाकही मागं पडला. वळणाशी पोटरी ठणकली. थांबला, दम खाल्ला, पुन्हा निघाला.

वळणापलीकडे एका दगडावर बायको विणत बसली होती.

"अगं, तू इथं? पुलावर नाही गेलीस?"

ती दचकली. मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही बाकावर बसायला लागल्यापासून गेलेच नाही."

"मग ती बदकं? पिल्लं?"

"मनानंच रचली. तुम्हाला मागं ठेवून काय बघायचं होतं मला तिथं? आणि नुसती घरी बसले असते, तर तुम्ही बाकापर्यंत तरी आला असतात का?"

त्यानं खिशातलं पत्र काढून तिच्या हातात दिलं. "मला औषध दिलंच नव्हतं."

तिनं पत्र वाचलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, मागच्या वळणाकडे पाहिलं. मग विणकाम पिशवीत कोंबून उठली आणि त्याचा हात धरला.

"चला हळूहळू," ती म्हणाली. "पिल्लं किती, ते आज तुम्हीच मोजा."