वाजते ती परातच

मित्रांनो, मी एक जुनी फेअरिंग आहे. मोटारसायकलच्या तोंडावर वारा अडवायला फायबरचं गोल कवच बसवतात ना, तीच मी. मधोमध दिव्यापुरतं भोक, वर वाकवलेली पारदर्शक काच आणि मागे लोखंडी पट्ट्या. सध्या माझा मुक्काम शेडच्या भिंतीवर, एका खिळ्याला आहे. इथून मला अंगण दिसतं, फाटक दिसतं आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच सुरू होणारा उतार दिसतो. त्या उताराकडे नजर गेली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. फायबरच्या अंगावर कसला काटा, असं म्हणून हसू नका. आधी माझी कहाणी ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखाली, एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यात फायबरचं कापड अंथरायचं, त्यावर वास मारणारं रसायन ओतायचं, ब्रशने दाबायचं आणि सुकलं की ठोकून बाहेर काढायचं. आम्हा सगळ्या बहिणींच्या पाठीवर एकच चिठ्ठी होती, ‘कोणत्याही गाडीला बसते’. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! जी कोणालाही बसते ती कोणालाच धड बसत नाही, हे शहाणपण पुढे आलं.

मला विकत घेतलं ते आईने. आई म्हणजे या घरातली आई. तिचा नवरा फोटोग्राफर. कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून, मोटारसायकलवरून तो गावोगाव समारंभांचे फोटो काढत फिरायचा. घरात त्याला बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते. थंडीवाऱ्यात गाडी हाणून हाणून बाबांना खोकला जडला होता. औषधाचं नाव काढलं की ते अंगावर यायचे. मग आईने गुपचूप मला आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

“हे काय, परात आणलीस?” बाबा म्हणाले.

“गाडीला लावा. छातीला वारा लागायचा नाही.”

“अगं, एवढ्या देखण्या गाडीच्या तोंडावर परात बांधू? लोक काय म्हणतील?”

“लोक रात्रभर तुमचा खोकला ऐकत नाहीत. मी ऐकते.”

झालं. मी गाडीला लागले आणि माझं नाव परात पडलं ते पडलंच.

गाडी खरोखर देखणी होती. माझ्याआधी कितीतरी वर्षं ती या घरात होती, म्हणून मी तिला थोरली म्हणू लागले. मला बसवताना दुकानातल्या फिटरने एक जाड लोखंडी पट्टा थोरलीच्या गळ्याभोवती फिरवला. गळा म्हणजे चौकटीची ती नळी, जिच्या आत हँडलचा दांडा फिरतो. पुढचं चाक, हँडल, ब्रेक या सगळ्यांचा जोर त्या गळ्यावर असतो. पट्ट्याखाली रबर घालून त्याने दोन बोल्ट असे आवळले की जणू आमची जन्माची गाठ मारली.

त्या हिवाळ्यात बाबांचा खोकला गेला. “हवा बदलली,” असं बाबा म्हणाले. हवा मी तोंडावर झेलत होते, पण मला कोण विचारतो? पाऊस, धूळ, गारा, डोळ्यांत जाणारे किडे, सगळं मी अंगावर घेतलं. कौतुक केलं ते एकट्या ताईने. ताई म्हणजे त्यांची लेक, तेव्हा एवढीशी होती. टाकीवर बसायची, माझ्या काचेला नाक लावायची आणि वाफ धरली की बोटाने मांजर काढायची. “ही माझी खिडकी आहे,” असं ती सगळ्यांना सांगायची. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

मग तो खड्डा आला. रस्ता आडवा खणून तसाच सोडला होता. बाबा आणि आई दोघं गाडीवर होते. पुढचं चाक धाडकन आत गेलं आणि धाडकन बाहेर आलं. कोणी पडलं नाही, कोणाला खरचटलं नाही. बाबांनी उतरून चाक पाहिलं, दिवा पाहिला, “वाचलो बुवा,” म्हणाले आणि पुन्हा किक मारली. पण माझ्या पट्ट्याखाली, रबराच्या आड, थोरलीच्या गळ्याला केसाएवढी चीर पडली होती. ती कोणाला दिसणं शक्यच नव्हतं. मला ती कळली, कारण तो गळा माझ्या मिठीत होता.

त्या दिवसापासून आवाज सुरू झाला. एकटे बाबा असले की काही नाही. मागे कोणी बसलं आणि पुढचा ब्रेक दाबला, की टक. एकदाच, बारीक.

“परात वाजतेय,” बाबा म्हणाले.

त्यांनी गाडी मामाकडे नेली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याचं गॅरेज होतं. जीभ आणि पाना, दोन्ही सारख्याच वेगाने चालवणारा माणूस. त्याने माझ्या पट्ट्याचे बोल्ट आणखी आवळले. पट्टा घट्ट झाला, चीर दाबली गेली आणि आवाज थांबला. “बघा भावजी, सांगितलं नव्हतं? दुखणं परातीचंच!” मामा म्हणाला. काही महिन्यांनी पट्टा सैल पडायचा, टक सुरू व्हायची, मामा पुन्हा आवळायचा. दर वेळी औषध लागू पडायचं आणि दर वेळी गुन्हेगार मीच ठरायचे. पाना माझ्यावर फिरवला की आवाज जातो, मग आणखी पुरावा तो काय हवा?

पुढे पुढे तर काहीही झालं की माझ्याच नावाने खडे फोडायचे. पेट्रोल जास्त लागलं, परातीमुळे. चढावर दम लागला, परातीमुळे. दिवा मंद झाला, तोही परातीमुळेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि माझ्याबरोबर आईलाही बोलणी बसायची, कारण मागे नेहमी तीच बसायची. “तू बसलीस की वाजते. एक तर तू वजन कमी कर, नाहीतर तुझी परात उतरव,” बाबा थट्टेने म्हणायचे. चारचौघांतही म्हणायचे. आई सुरुवातीला हसायची, मग हसेनाशी झाली आणि एके दिवशी तिने गाडीवर बसणंच सोडलं. “मला बस बरी पडते,” एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

वर्षं गेली. बाबांचे डोळे अधू झाले, फोटोंचं काम सुटलं. थोरलीवर ताडपत्री आली आणि ताडपत्रीखाली मीही अंधारात गेले. अंधारात गंज वाढतो, मित्रांनो. माझ्या पट्ट्याच्या आत पाणी झिरपत होतं आणि ती चीर हळूहळू खोल जात होती. माझा पट्टाच तेवढा तिला धरून होता.

ताई मोठी झाली, नोकरीला लागली आणि एका उन्हाळ्यात सुट्टीवर घरी आली ती बातमी घेऊनच. डोंगराखालच्या शहरात जुन्या मोटारसायकलींचा मेळावा होता. गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, वरून बसवलेलं काही चालणार नाही, असा तिथला नियम होता. “बाबा, तुम्हाला मागे बसवून नेते,” ताई म्हणाली. बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. “मग आधी ती परात उतरवा,” ते म्हणाले.

“राहू द्या ना ती,” आई दारातून म्हणाली.

“आई, तुला तिचा लळा आहे हे कळतं गं. पण नियम आहे.”

“लळा नाही. मला कसंतरी वाटतंय.” कसंतरी म्हणजे कसं, ते मात्र तिला सांगता येईना. डोंगर उतरायचा होता. मोठमोठी वळणं आणि एका बाजूला दरी. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

मामा हत्यारं घेऊन आला. काच निघाली, कवच निघालं, बाजूच्या पट्ट्या निघाल्या. गळ्यावरचा पट्टा मात्र हलेना. गंजलेले बोल्ट पान्याखाली गुळगुळीत झाले. मामाने रॉकेल सोडलं, चहा पिऊन आला, हातोडीने ठोकलं, पुन्हा रॉकेल सोडलं. मी जीव खाऊन धरून ठेवलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. अखेर करकर आवाज करत पट्टा सुटला आणि त्याच्याबरोबर रंगाचा पापुद्राही आला. खाली तांबूस रेघ उघडी पडली.

“मामा, हे काय?” ताईने विचारलं.

मामाचा चष्मा कपाळावर होता. तो तिथेच राहिला. “पट्ट्याचा वळ. जन्मभर गळ्यात पट्टा बांधला तर तुलाही उठेल. परातीने गळा कापलाय बिचारीचा!” तो आपल्याच विनोदावर खूश होऊन हसला. त्याने रेघेवर रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरली, पॉलिशपेपर मारला आणि काळा रंग फिरवला. गळा आरशासारखा चमकू लागला. आईने मला फडक्याने पुसून या खिळ्याला अडकवलं.

संध्याकाळी मामाने एकट्याने गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. “लोण्यासारखी चालते,” म्हणाला. एकट्याच्या वजनाला ती चीर तोंड उघडत नाही, हे त्याला कोण सांगणार? सगळे थोरलीभोवती फिरत होते. “ओझं उतरलं तिचं,” बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी भिंतीवरून बघत होते आणि मला सकाळ व्हायला नको होती.

सकाळ झाली. कोवळं ऊन थोरलीच्या गळ्यावर पडलं आणि काल दिलेल्या काळ्या रंगावर मला तीच रेघ पुन्हा दिसली. रात्रीत सुकताना लांबीला तडा गेला होता. ताई टाकी पुसत होती, मामा टायरमधली हवा बघत होता. बाबा गाडीकडे बघत होते, पण त्यांना दिसत होती ती त्यांच्या तरुणपणातली गाडी. ताईने किक मारली. बाबा मागे बसले. आई फाटक उघडायला पुढे गेली.

फाटकाची कडी जरा अडकली. ताईने गाडी थांबवायला पुढचा ब्रेक दाबला.

टक.

“परात वाजतेय,” बाबा सवयीने म्हणाले.

आईचा हात कडीवरच थांबला. ती वळली. “परात तिकडे आहे,” ती म्हणाली आणि तिने शेडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिळ्याला गप्प लटकत होते. मग आई गाडीसमोर येऊन उभी राहिली. “मीही मागे बसलेले नाही,” ती म्हणाली. “मग वाजलं काय? उतरा. दोघंही आधी खाली उतरा.”

“अगं, कान वाजले असतील,” बाबा म्हणाले. ताईने पुन्हा ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलली. टक. ताईने गाडी बंद केली आणि दोघंही खाली उतरले.

मामाने या वेळी चष्मा डोळ्यांवर घेतला. सुरीने रंग खरवडला, लांबी उकरली. ताईने हँडल दाबून धरलं तेव्हा ती चीर डोळ्यांदेखत उघडली. मामाने तिच्यात अंगठ्याचं नख घातलं आणि ते आत गेलं. त्याने सुरी खाली ठेवली. “पट्ट्यानेच धरलं होतं गं,” तो आईला म्हणाला. “आणि तो मी काढला. पहिल्याच वळणावर...”

बाबा पायरीवर जाऊन बसले. मग उठले, शेडमध्ये आले आणि माझ्या काचेवरून हात फिरवला. “एवढी वर्षं तुला बोललो,” ते म्हणाले. आई मागेच उभी होती. ते मला म्हणाले की तिला, ते मला कळलं नाही. तिला कळलं असावं. “गळा दुरुस्त झाला की ही परत लावू,” बाबा म्हणाले.

“नको,” आई म्हणाली. “परत लावलीत तर पुन्हा सगळं तिच्यावरच ढकलाल.”

थोरली आता वेल्डिंगवाल्याकडे आहे. कधी येईल ते माहीत नाही, आणि आल्यावर तिच्या गळ्याचा भरवसा किती धरायचा, तेही मला माहीत नाही. शेड रिकामी आहे. समोर तो उतार तसाच आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू जपा, गंज पुसत जा, हे तर मोठी माणसं तुम्हाला सांगतातच. मी आणखी एक सांगते. प्रत्येक घरात एखादी परात असते, जिच्या माथी सगळे आवाज मारले जातात. तिला एकदा बाजूला ठेवा आणि नीट कान द्या. तरीही वाजत असेल, तर उताराला लागू नका.