टोमॅटोच्या भावाखालचं नाव

कासमभाई गेल्यापासून पिंपरी पेंढारच्या शेतकऱ्यांना पहाटे टोमॅटोच्या भावाचा मेसेज येईनासा झाला होता. त्यांच्या जुन्नरच्या दुकानातला कॉम्प्युटर आडत्यांनी कळवलेले भाव जुळवून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायचा. चाळिसावा झाल्यावर त्यांची मुलगी आरफा हिने ठरवलं, पुण्याला नोकरीवर परतायच्या आत अब्बांचं हे काम कुणी हात न लावता चालेल असं करून जायचं. आणखी उशीर झाला तर लोक दुसरीकडे वळतील आणि परत यायचे नाहीत.

रोज पहाटे प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून तिने क्रॉनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या गजरात, वेळ लावून दिली. सकाळी दुकान उघडलं तर मेसेज गेलाच नव्हता. तिने स्वतः कमांड टाइप केली, लगेच गेला. दुसऱ्या दिवशीही तेच.

दादाभाऊ पायरीवर बसून बघत होते. टोमॅटो पिकवणारे, आणि अब्बांशी भांडल्याशिवाय ज्यांचा बाजार पुरा होत नसे असे.

“कासमनं लई लाडावून ठेवलंय त्याला,” ते म्हणाले. “मालक समोर बसल्याबिगर काम करीत नाय.”

आरफा हसली आणि हसता हसता थांबली. खरंच की. पहाटे फजरची नमाज झाली की अब्बा दुकानात येऊन स्वतःच्या हाताने टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचे. म्हणून मेसेज पाठवायचा पासवर्ड, भावांच्या फोल्डरचा पत्ता, मराठी अक्षरांचं सेटिंग, सगळं त्यांनी .bashrc नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. ती फाइल वाचली जाते ती माणसाने टर्मिनल उघडल्यावर. क्रॉन टर्मिनल उघडत नाही. प्रोग्रॅम बिचारा रोज पहाटे रिकाम्या हातांनी उठत होता.

तिने एक वेगळी फाइल केली, सेटिंगच्या त्या ओळी तिथे हलवल्या आणि प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ती वाचावी अशी सोय केली. .bashrc मध्ये एकच ओळ उरली: टर्मिनल उघडलं की कर्सरच्या आधी ‘बोला कासमशेठ’ दाखवणारी. ती समोर बसणाऱ्या माणसासाठी होती. आरफाने ती ओळ ठेवून फाइल सेव्ह केली.

क्रॉन चालवतो तसा, एकही सेटिंग आधी न देता तिने प्रोग्रॅम चालवून पाहिला. दादाभाऊंचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज खालपर्यंत वाचला.

“खाली कासमचं नाव?”

“ते व्हेरिएबल आहे काका, सेटिंगमधून आपोआप येतं. अब्बांनीच लिहिलेलं. राहू दे.”

“राहू दे म्हणती. अन् भाव चुकला, तर कब्रस्तानात जाऊन भांडू व्हय मी?”

तिला राग आला. पण काकांचं खरं होतं. अब्बांनी नाव घातलं होतं ते मिरवायला नव्हे. तक्रार असेल त्याने पायरीवर यावं म्हणून. ते नुसतं ठेवलं तर त्या नावाकडे कुणाला जाता येणार होतं?

तिने नव्या फाइलमधली अब्बांच्या नावाची ओळ पुसली. तिथे लिहिलं: आरफा कासम, जुन्नर. पुढे स्वतःचा मोबाइल नंबर.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मुद्दाम दुकानात गेली नाही. घरी चहा गाळत असताना फोन वाजला.

“आरफाताई का? मी भगवंत, पिंपरी पेंढारचा. काल वरचा भाव व्हता, आज येवढा खाली? तुमचं मशिन बिघडलं काय?”

“मशिन ठीक आहे, भाऊ,” ती म्हणाली. “आडत्याला विचारून सांगते. गाडी भरायची थांबवू नका.”