बोटीवरचा पाहुणा

वेल्डा लारोंद सकाळपासून एकच वाक्य बोलत होती. मास्क नाकावर घ्या. कधी हसून, कधी न हसता, कधी नुसतं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवून. दुपारपर्यंत तिला त्या वाक्याचा वीट आला, पण प्रवाशांना तिचाही तितकाच वीट आला होता, त्यामुळे तक्रार करणार कुणाकडे?

दीड वर्षानं पर्यटकांची पहिली मोठी बोट बेटाच्या बंदराला लागली होती. कोविड आल्यापासून धक्का ओस पडलेला, टॅक्सीवाले पुन्हा शेताकडे वळलेले, हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. त्या सकाळी निम्मं शहर समुद्राच्या कठड्याला टेकून बोटीकडे बघत उभं होतं. बोटीनं भोंगा वाजवला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. वेल्डानं पुसले नाहीत. ती डोंगराकडच्या गावांची नर्स. ही सगळी साथ तिनं घरोघरी पायी हिंडून काढली होती, आणि त्यातल्या काही घरांत पुन्हा जायची तिला अजून हिंमत होत नव्हती. आता आरोग्य खात्यानं पर्यटकांच्या प्रत्येक गाडीत एक नर्स बसवली होती. गाडी ठरलेल्या ठिकाणीच थांबेल, कुणीही घोळका सोडून गावात जाणार नाही, गेला तर त्याला बोटीवर परत घेतलं जाणार नाही. हे सगळं प्रवाशांना बोटीवरच सांगितलेलं होतं.

"नर्सबाई, घसा कशाला कोरडा करता," ड्रायव्हर क्लीव्हन म्हणाला. "खिडक्या उघड्या ठेवायला तुम्हीच सांगितल्यात. वाऱ्यानं मास्क उडणारच."

"वाऱ्याचं मी बघते. तू रस्त्याचं बघ."

क्लीव्हन खुशीत होता. दीड वर्ष गाडी माडाच्या झाडाखाली उभी राहून तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली होती. आज त्यानं ती आतूनबाहेरून धुतली होती आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तिसऱ्या रांगेत रँडल प्रुइट नावाचे एक गृहस्थ बसले होते. साठीच्या पुढचे, उन्हानं लाल झालेले, डोक्यावर गवती टोपी. बोलायला इतके गोड की त्यांच्यावर रागावणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

"माझे दोन्ही डोस झालेत, नर्स."

"माझेही झालेत. मी घातलाय ना?"

"अगदी बरोबर," म्हणून त्यांनी मास्क वर ओढला. पुढच्या वळणावर तो हनुवटीवर होता.

धबधब्यापाशी सगळे पाण्यात उतरले, फोटो काढले, ओरडले. निघायच्या वेळी वेल्डानं माणसं मोजली तर प्रुइट नव्हते. त्यांची बायको लोइस ओला टॉवेल मांडीवर घेऊन शांतपणे गाडीत बसली होती.

"असेल कुठंतरी गप्पा मारत," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी त्याला शोधतेच आहे. तुम्हाला एका दिवसात सापडला तर मला सांगा, कसा शोधायचा ते."

वेल्डानं क्लीव्हनला बजावलं, एकही माणूस खाली उतरता कामा नये, आणि ती पायवाटेनं खाली निघाली. ती वाट कुठं जाते हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली मोर्न पाव्हे. तिच्या आईचं गाव.

सिल्व्हानीच्या दुकानातून हसण्याचा आवाज वाटेपर्यंत येत होता. सिल्व्हानी तिची मावसबहीण, दोघी एकाच अंगणात वाढलेल्या. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन बाकडी आणि मागं तळणीची चूल. आत डोमिनोचे ठोकळे टेबलावर आपटत होते. टोपी मागं सरकवून प्रुइट बसले होते, तोंडावर मास्क नाही, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून ओस्बर्ट मामा. मामाचं वय ऐंशीला आलेलं, छाती जन्माची दम्याची, आणि लस घ्यायला कुणाच्या बापाचं न ऐकणारा. मध्ये गावठी रमची बाटली आणि एकच ग्लास. तो एकच ग्लास हातोहात फिरत होता. वेल्डा दारात उभी राहिली ती त्या ग्लासाकडे बघतच.

"आलीस?" सिल्व्हानी चुलीजवळून म्हणाली. "बस. मासे गरम आहेत."

"याला इथं कुणी बसवलं?"

"बसवायला काय लागतं? गिऱ्हाईक आलं, बसलं. दीड वर्ष इथं माशी बसली नाही, आज माणूस बसला तर तुझ्या कपाळाला आठ्या."

"मामा, तोंड बांधा. आणि मागं सरका."

"मी जिंकतोय," ओस्बर्ट मामा म्हणाला. "आता सरकलो तर हा ठोकळे बघेल."

प्रुइट आनंदानं हसले. "हे तुमचे मामा? काय माणूस आहे. याच्यासाठी आलो होतो मी, नर्स. धबधबे काय, सगळीकडे असतात."

"उठा."

"एवढा डाव..."

"उठा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण ठोकळे आपटायचे थांबले. प्रुइट उठले, मामाचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी निरोप घेतला, आणि वेल्डाला वाटलं की आपण एखाद्या लग्नघरात जाऊन मांडव उपटतोय. बाहेर पडताना मागून मामाचा आवाज आला, "हिची आई अशी नव्हती."

गाडीत तिनं त्यांना पुढच्या रिकाम्या रांगेत एकटं बसवलं.

"तुम्ही खरंच वर सांगणार?"

"हो."

"पण मी केलं काय? माणसांत जाऊन बसलो. तुमची माणसं फार चांगली आहेत."

"म्हणूनच सांगणार," वेल्डा म्हणाली.

क्लीव्हन आरशातून बघत होता. उतार लागल्यावर तो हळूच म्हणाला, "एकदा डोळे मिटा की, बाई. बोटीवाले रुसले आणि पुढच्या मंगळवारी आलेच नाहीत तर मी काय खाऊ?"

"मामाला रात्रीबेरात्री धाप लागली तर दवाखान्यात तूच आणणार ना? तेव्हा तू डोळे मिटून चालव."

क्लीव्हननं नजर आरशातून काढून रस्त्यावर वळवली. मागं लोइस खिडकीबाहेर बघत होती. तिच्याकडे पाहून वेल्डाला वाईट वाटलं. नवरा इथं अडकणार, हिला एकटीला पुढं जावं लागणार किंवा सामान घेऊन उतरावं लागणार. पण मामाच्या हातातला तो ग्लास तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

बंदराच्या फाटकाशी आरोग्य खात्याचे साहेब, कॅरोलस, उभे होते. वेल्डानं झालेलं सगळं सांगितलं. कॅरोलस बोटीच्या पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन गेले. बोलताना अधिकारी दोनदा हसला आणि कॅरोलसही हसले, तेव्हाच काय होणार ते तिनं ओळखलं.

"सकाळी त्याची तपासणी झालीय," परत येऊन कॅरोलस म्हणाले. "निगेटिव्ह आहे. बोटीवर त्याला खोलीतच ठेवतो म्हणतात."

"नियम काय आहे, सर?"

"वेल्डा, पहिलीच बोट आहे."

"नियम काय आहे?"

कॅरोलसनी समुद्राकडे पाहिलं. "परत घ्यायचं की नाही हे शेवटी कॅप्टन ठरवतो."

प्रुइट शिडी चढले. वर पोचल्यावर त्यांनी मागं वळून टोपी काढली आणि वेल्डाला हात केला. त्यात चिडवणं नव्हतं, मनापासून केलेला निरोप होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच. त्या माणसाच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

"आणि ते दुकान," कॅरोलस म्हणाले. "तिथं संपर्क झालाय. दोन आठवडे बंद ठेवायला लागेल. बसले होते त्यांना घरातच ठेव. तुझाच भाग आहे, तूच जाऊन ये."

वेल्डाला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"माणूस निगेटिव्ह आहे ना? मग दुकान कशाला बंद?"

"खबरदारी म्हणून."

"बोटीला नाही का खबरदारी?"

"बोट माझ्या हातात नाही."

"दुकान आहे."

"हो," कॅरोलस थकून म्हणाले. "दुकान आहे."

तिला भांडायचं होतं, पण भांडायला जागाच नव्हती. सकाळची एक तपासणी म्हणजे काही हमी नव्हे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बोट सोडून दिली हे चूक, पण दुकान बंद करणं बरोबरच होतं. तिनं स्वतः ठरवलं असतं तरी तेच केलं असतं. ऊन उतरायच्या आत ती क्लीव्हनच्या गाडीतून पुन्हा डोंगर चढली. बोट बंदरातून निघाली होती आणि वळणावळणावर खाली दिसत होती, पांढरीशुभ्र, दिवे लावलेली.

सिल्व्हानीनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातात तळणीसाठी चिरलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, होता.

"म्हणजे तो गेला?"

"गेला."

"बोटीवर?"

"हो."

"आणि मी घरात बसायचं."

"सिल्व्हानी, मामाची छाती तुला माहीत आहे. काही झालं तर..."

"मला समजावू नकोस. मी विचारतेय तेवढंच सांग. जो आला तो गेला, आणि जे इथंच होते त्यांना कोंडायचं. असंच ना?"

सिल्व्हानीनं हातातलं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले, खुंटीवरचं कुलूप काढून तिच्या हातात दिलं. "घे. तूच लाव. मला जमायचं नाही."

वेल्डानं कुलूप लावलं. तळलेले मासे आतच राहिले. आजूबाजूच्या दारांत माणसं उभी राहून बघत होती.

मग रोज सकाळी ती मामाच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. ताप बघायचा, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघायचा, सूपचा डबा खिडकीत ठेवायचा.

"आल्या पोलीसबाई," मामा म्हणायचा. "आज काय गुन्हा?"

"श्वास घ्या मोठा."

"घेतला. आता दंड करणार?"

"मामा, निदान आता तरी लस घ्या."

"त्या गोऱ्यानं दोनदा टोचून घेतली होती, तरी तू त्याला कुत्र्यासारखं हाकललंस. मग मी कशाला टोचून घेऊ? मलाही हाकलशील."

याला उत्तर होतं. पण ते लांबलचक होतं, आणि मामानं तोवर खिडकी ओढून घेतलेली असायची.

एका सकाळी खिडकी उघडायच्या आधीच खोकला ऐकू आला. मामा खाटेवर बसून धापा टाकत होता. तिनं हातमोजे चढवले, आत शिरली, नाकात तपासणीची काडी घातली. मामानं शिवी दिली तेव्हा तिला जरा बरं वाटलं. निकाल येईस्तोवर ती अंगणात उभी राहिली आणि मनातल्या मनात रँडल प्रुइटशी बोलत राहिली. त्या माणसाला तिनं त्या वेळात असं काही सुनावलं की तसं आयुष्यात कुणाला सुनावलं नव्हतं. निकाल निगेटिव्ह आला. रात्रभर ओल्या लाकडांची चूल धुमसत ठेवल्यामुळे त्याची नेहमीची धाप होती. ब्रेडफ्रूटच्या झाडामागं जाऊन वेल्डा रडली. मग तोंड धुऊन तिनं ती चूल बाहेर काढली, आणि मामा त्यावरूनही तिच्याशी भांडला.

दोन आठवडे संपले. कुणीच आजारी पडलं नाही.

यासाठीच तर तिनं जिवाचं रान केलं होतं. पण गावाचा निवाडा वेगळा होता. "बघ, काही झालं का? उगाच सगळ्यांना कोंडलंस." ज्याला त्याला हेच म्हणायचं होतं, अगदी चर्चच्या पायरीवरसुद्धा. काही झालं असतं तर तिनं ते थांबवलं नाही म्हणून बोल लावले असते. काही झालं नाही, म्हणून ती मूर्ख ठरली.

दुकान उघडलं त्या दिवशी ती मुद्दाम गेली. बाकडी भरलेली होती. सिल्व्हानीनं आधी बाकी सगळ्यांना दिलं, मग तिच्याकडे वळली.

"तुम्हाला काय हवंय?"

लहानपणी एकाच पांघरुणात झोपलेली बहीण वेल्डाला 'तुम्ही' म्हणत होती.

"काही नको," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

ती तशीच शहरात गेली, कॅरोलसच्या खोलीत. "यापुढं दुकान बंद करायची वेळ आली तर तुम्ही माझ्याबरोबर वर यायचं. दारात उभं राहून तुम्ही सांगायचं. मी नुसतं कुलूप लावीन."

"येईन ना," कॅरोलस म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, पण ते येणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "मंगळवारची गाडी घेशील ना? डोंगराकडचा रस्ता तुझ्याइतका कुणाला माहीत नाही."

तिला नाही म्हणायचं होतं. पण तिच्या जागी कोण येणार हे तिला माहीत होतं. शहरातली कुणीतरी कोवळी मुलगी, जिला गोड बोलून कुणीही गुंडाळील.

मंगळवारी गाडी निघाली. तेच वाक्य, तीच नाकं. मोर्न पाव्हेच्या आधीच्या चढावर वेल्डानं मागं वळून पाहिलं तर निम्मे मास्क हनुवटीवर होते. एक बाई हेडफोन लावून केळं खात होती.

"क्लीव्हन, गाडी थांबव."

"इथं? उन्हात?"

"इथंच. इंजिनही बंद कर."

गाडी थांबली तसा वाराही थांबला. पत्रा तापायला लागला. मागून कुणीतरी विचारलं, काय बिघडलं का?

"गाडी ठीक आहे," वेल्डा म्हणाली. "पुढं गाव आहे, तिथं माझी माणसं राहतात. सगळ्यांची नाकं झाकली की निघू. मला घाई नाही. तुमच्या बोटीला असेल."

एकजण हसला. एकानं तक्रार करीन म्हणून सांगितलं. तिनं त्याला कॅरोलसचं नाव नीट स्पेलिंगसह दिलं. घाम टिपत, कुरकुरत, एकेक मास्क वर गेला. केळंवाल्या बाईनं सर्वांत शेवटी घातला, आणि तोही केळं पूर्ण संपवून. वेल्डा मागच्या रांगेपर्यंत चालत गेली, प्रत्येक तोंड पाहून परत आली आणि बसली.

"चल."

गाडी न थांबता गावातून गेली. सिल्व्हानी दुकानाच्या दारात मासे साफ करत होती. इंजिनाचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, भरलेली गाडी पाहिली, आणि ती थांबत नाही हे बघून पुन्हा मासे साफ करू लागली.