गोळ्या भरकटल्या तो शनिवार

मित्रांनो, माझ्या अक्रोडाच्या दस्त्यावर एक जागा घासून गुळगुळीत झाली आहे. तिथे बासष्ट वर्षे दोन माणसांचे गाल टेकत आले. आधी आईचा, मग तिच्या मुलाचा. मी शिकारीची जुनी रायफल आहे. माझ्या आयुष्यात एक शनिवार असा आला की सगळे म्हणाले, ही संपली. मला तोंड असते तर मी दोन शब्दांत उत्तर दिले असते. ते नव्हते, म्हणून तो दिवस मला सकाळपासून दुपारपर्यंत सोसावा लागला.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या सळईला आरपार भोक पाडले, आतून आटे कोरले आणि माझी नळी तयार झाली. मग आगगाडीने मी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आले. बेल क्रीक नावाच्या छोट्या गावात खिळे, दोर आणि कुऱ्हाडी विकणाऱ्या दुकानात मी भिंतीला टेकून उभी होते. तिथून मला हुल्डा रासमुसन घेऊन गेली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचा नवरा मेंढ्यांची लोकर कातरत गावोगाव फिरायचा, त्यामुळे हिवाळ्याचे मांस घरात आणायचे काम तिच्याकडेच होते. दर वर्षी एक एल्क हरीण. ती म्हणायची, "एक गोळी, एक जनावर. दुसरी गोळी झाडावी लागली तर समजायचं, पहिली झाडायलाच नको होती."

हुल्डानंतर मी तिच्या मुलाकडे, डेलकडे आले. डेलने चौतीस वर्षे शाळेची बस चालवली. बर्फाने काच झालेल्या घाटातून पन्नास पोरे सुखरूप घरी पोचवणारे त्याचे हात. त्या हातांचा त्याला फार अभिमान होता, आणि मलाही. दर ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडण्यापूर्वी तो मला सरकारी नेमबाजीच्या मैदानावर न्यायचा. गाव त्याला नुसते रेंज म्हणते. तिथे तो शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडायचा. तिन्ही भोके बाटलीच्या झाकणाखाली लपायची. रेंज सांभाळणारी वांडा तो कागद आपल्या केबिनमध्ये चिकटवून ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. त्या दिवसांत मला स्वतःचा गर्व वाटत असे, हे मी लपवत नाही.

मग ते वर्ष आले. त्या ऑक्टोबरात डेलने "सर्दी झालीय" असे सांगितले आणि आम्ही रेंजवर गेलोच नाही. नोव्हेंबरात तो मला घेऊन एकटाच डोंगरात गेला. संध्याकाळ होत आली होती. एक मोठा नर एल्क झाडीच्या कडेला उभा होता. डेलने मला खांद्याला लावले आणि चाप ओढला. गोळी लागली, पण मागे, पोटात. जनावर लंगडत झाडीत शिरले. बर्फावर रक्ताचे थेंब होते, पुढे पुढे ते विरळ झाले. डेलने दोन दिवस शोधले, गुडघ्यांवर रांगत शोधले. एल्क सापडला नाही. घरी परतताना त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तुझंच काहीतरी बिघडलंय."

घरी कार्लाला, म्हणजे त्याच्या मुलीला, त्याने सांगितले, "यंदा काही दिसलंच नाही." आणि मला पहिल्यांदाच न पुसता कपाटात ठेवून दिले. नळीत ओल होती. वर्षभर मी अंधारात गंजत राहिले.

पुढच्या ऑक्टोबरात कपाट उघडले, तेव्हा वाटले, सुटले. पण डेल मला नेम साधायला नेत नव्हता. माझा गुन्हा सिद्ध करायला नेत होता. कार्लाही बरोबर आली. तिला कोणी बोलावले नव्हते. ती रस्ते खात्याच्या वर्कशॉपमध्ये बर्फ ढकलणाऱ्या गाड्या दुरुस्त करते. काही बिघडले आहे असे कानावर आले की तिला घरी बसवत नाही. तिने अवजारांची पेटी उचलली आणि गाडीत बसली.

रेंजवर वारा सुटला होता. आठ टेबले, आठही भरलेली. तिथला नियम असा की वांडाने लाल दिवा लावला की सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून, उघड्या ठेवून मागे सरायचे. मग चालत जाऊन आपापला कागद बघायचा. सगळे परत आले की दिवा विझतो आणि पुन्हा गोळीबार सुरू होतो. म्हणजे तीन गोळ्यांचा निकाल कळायला अर्धा तास. आमच्या शेजारच्या टेबलावर ब्रॉक नावाचा दाढीवाला तरुण होता. त्याची नवी कोरी रायफल इतक्या जोराने भुंकायची की आमच्या टेबलावरची काडतुसे उडायची.

डेलने मला वाळूच्या पिशवीवर टेकवले आणि तीन गोळ्या झाडल्या. लाल दिवा. कागदावर एक भोक डावीकडे, एक पार खाली. तिसरे नव्हतेच.

"वारा," डेल म्हणाला.

"अरे डेल, वारा काय तुझ्या एकट्याच्या टेबलावर वाहतोय?" वांडा केबिनमधून ओरडली. ती आणि डेल एकाच वर्गात शिकले आहेत. तिला त्याची भीडभाड नाही.

कार्लाने पेटी उघडली. माझ्यावरच्या दुर्बिणीचा पुढचा स्क्रू पाव फेरा ढिला निघाला. ती खूश झाली. "हा बघ चोर! बाबा, झाड आता." पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा वाट पाहणे. भोके पुन्हा विखुरलेली. मग तिने दस्त्याचे स्क्रू आवळले. पुन्हा तेच. मग तिने माझ्या नळीतून फडका ओढला. तो काळा आणि तांबूस होऊन बाहेर आला.

कार्ला त्या फडक्याकडे बघतच राहिली. "बाबा, हिला गंज चढलाय! तू पुसली नाहीस?"

"राहिलं असेल."

"राहिलं? मी सायकल पावसात ठेवली तर तू मला आठवडाभर चालत शाळेत पाठवायचास."

तिने नळी घासून पुसून चकचकीत केली. मला वर्षभरात पहिल्यांदा बरे वाटले. आता तरी, मी मनात म्हणाले. पण मित्रांनो, मला माहीत होते. त्याच्या बोटाचा थरकाप चापावर मला जाणवत होता, फांदीवर पाखरू बसावे तसा. तो थरकाप क्षणभर थांबला की डेल चाप ओढत नव्हता, हिसकत होता. आणि माझ्या नळीचे तोंड खाली जात होते. दर वेळी. मी आतून ओरडत होते. बाहेर निघत होती ती फक्त गोळी, आणि तीही भलतीकडे.

दुपारी त्यांनी गाडीच्या मागच्या फळीवर बसून डबा खाल्ला. गेल्या वर्षी एल्क नव्हता, म्हणून पावात विकतचे गोमांस होते. कार्लाने थर्मासमधून कॉफी ओतली.

"अर्धाच कप दे," डेल म्हणाला. त्याने कप डाव्या हाताने धरला. उजवा हात जॅकेटच्या खिशात होता. कार्लाने ते पाहिले. ती नजर मला ठाऊक आहे. इंजिनाचा आवाज ऐकताना तिची तशीच होते.

जेवणानंतर काडतुसे बदलून झाली. तीन गोळ्यांपैकी दोन कागदाच्या लाकडी चौकटीत घुसल्या. डेल उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"नळी गेलीय हिची. कार्ला, सोमवारी वर्कशॉपमध्ये ने आणि करवतीने दोन तुकडे कर."

"तुकडे? आजीच्या रायफलचे?"

"हो, तुकडे. कुणाच्या हाती पडायला नको."

ब्रॉक हसला. "काका, कापताय कशाला? मला द्या. वर बल्ब लावतो, खाली लाकडी बूड. झकास टेबलदिवा होईल."

काही जण हसले. मी टेबलावर पडले होते. हुल्डा मला पाठीला लावून किती डोंगर चढली, आणि माझ्या नशिबी काय, बल्ब! खोट माझ्यात असती तर करवत सोसली असती. पण मी चुकत नव्हते.

"थांबा," कार्ला म्हणाली. "स्क्रू पाहिले, नळी पाहिली, काडतुसं पाहिली. एक भाग तपासायचा राहिलाय. बाबा, उठ जरा."

ती माझ्यामागे बसली. तिचा गाल दस्त्याला टेकला. बोट चापावर आले, शांत आणि कोरडे. तिने तीन गोळ्या झाडल्या, घाई न करता.

वांडा मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून होती. "कार्ला, बाकीच्या दोन कुठे घालवल्यास गं? मला एकच भोक दिसतंय."

लाल दिवा लागला. सगळे चालत गेले. एकच भोक होते, पण तीन पाकळ्यांचे. गोळ्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

"नशीब," डेल म्हणाला. "दे इकडे. मी दाखवतो."

दिवा विझल्यावर तो पुन्हा माझ्यामागे बसला. कार्लाने त्याच्या हाताआडून माझ्यात एक काडतूस सरकवले. ते मघाशी झाडलेले रिकामे काडतूस होते. मला ते लगेच कळले. त्याला कळले नाही. त्याने श्वास सोडला आणि चाप हिसकला.

टक.

गोळी सुटली नाही, धक्का बसला नाही, तरी माझ्या नळीचे तोंड वाळूच्या पिशवीवरून बोटभर खाली आपटले. ते डेलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. कार्लाने पाहिले. ब्रॉकनेही पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

डेल कार्लाकडे वळला. "ही युक्ती मीच तुला शिकवली होती," तो म्हणाला.

"बारा वर्षांची होते मी. धक्क्याला घाबरायचे. तू ओरडला नव्हतास तेव्हा."

वांडाने लाल दिवा लावला. सगळे बंदुका उघडून मागे सरले. डेलने उजवा हात या वेळी खिशात लपवला नाही, टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

"डॉक्टरला दाखवलास?"

"नाही. डॉक्टर त्याला नाव देईल. मग ते खरं होईल." मग तो खाली बघत बोलू लागला. "कार्ला, गेल्या वर्षी काही दिसलं नाही, हे खोटं होतं. मोठा नर होता. पोटात लागली. दोन दिवस शोधला. कुठेतरी पडून तडफडला असेल आणि मी घरी येऊन कॉफी पीत बसलो."

कार्लाने डोळे पुसले नाहीत. ती रागावली होती. "आणि वर्षभर हिला दोष देत बसलास?"

"ती उत्तर देत नाही ना."

"मी देते. म्हणून मला सांगितलं नाहीस."

डेलने मान डोलावली. कार्लाने त्याचा थरथरता हात आपल्या ग्रीस लागलेल्या हातात धरला. हात काही थांबला नाही. तिने तो थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

टोकाच्या टेबलावरून कोणी ओरडले, "वांडा, किती वेळ? कागद कधीच बघून झाले!"

"माझा दिवा आहे," वांडा म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा विझेल."

आणि मित्रांनो, सकाळपासून अर्धा मिनिट जास्त झाले तरी चुळबुळ करणारी ती माणसे गप्प उभी राहिली. ब्रॉकने आपली नवी रायफल आवाज न करता पेटीत ठेवली. जाताना तो आमच्या टेबलाशी थांबला. "काका, ते दिव्याचं... मी उगाच बोललो," एवढे म्हणून तो गेला.

पुढे डॉक्टरने त्या थरथरीला नाव दिले आणि गोळ्याही दिल्या, आमच्यापेक्षा वेगळ्या, पांढऱ्या. नोव्हेंबरात मी कार्लाच्या पाठीवर डोंगर चढले. डेल दुर्बीण घेऊन बरोबर होता. हातात ती स्थिर राहीना, तेव्हा तो कार्लाच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि दुर्बीण तिच्या खांद्यावर टेकवली.

"दोन पाइनच्या मधे," तो पुटपुटला. "नर आहे."

कार्लाने मला आपल्या पाठपिशवीवर टेकवले. नर माझ्या अगदी समोर होता. बोट चापावर आले. तेवढ्यात त्याच्या मागे एक मादी येऊन उभी राहिली. गोळी आरपार गेली असती तर तिलाही लागली असती. आम्ही वाट पाहिली. मादी हलेना. बापलेक श्वास रोखून होते. शेवटी नरच वळला आणि झाडीत निघून गेला. कार्लाने बोट बाजूला घेतले आणि मला रिकामी केले.

"मी असतो तर झाडली असती," डेल म्हणाला.

"म्हणून तर तुझ्याकडे दुर्बीण दिलीय," ती म्हणाली. तो हसला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा हसताना ऐकले.

मित्रांनो, त्या दिवशी मी एकही गोळी झाडली नाही. तरी घरी आल्यावर डेलने मला मांडीवर घेतले आणि तेलाच्या फडक्याने पुसायला बसला. फडका थरथरत पुढे सरकत होता, पण नळीचा कणभर भागही सुटला नाही. नंतर त्याने मला कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली कार्लाच्या हातात दिली.

तुमच्या घरातली अवजारे वापरून झाली की पुसून ठेवा. माझ्यासारखे धोक्याचे काही असेल तर रिकामे करून कुलपात ठेवा. आणि कधी तुमचा नेम चुकला, हात कापू लागला, हातून काही वाईट घडले, तर ते मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्ही सोसतो, पण आमच्या सोसण्याने काही बरे होत नाही. जो माणूस उलट बोलेल, रागावेल आणि तरी हात धरेल, त्याला सांगा. आजच सांगा.