बाकावरचा भाऊ

धाकटा तीन रविवार फिरकला नव्हता, आणि त्याचं कारण कुणाला सांगायची दादाला लाज वाटत होती. त्याने भावाला बाकावर बसवलं होतं.

खऱ्या बाकावर नव्हे, गेममधल्या राखीव खेळाडूंच्या. त्या फुटबॉल गेमची नवी आवृत्ती दरवर्षी निघायची आणि दरवर्षी मैदानावरचं गवत आणखी खरं दिसायचं. पण हे दोघे कन्सोलबरोबर मिळालेल्या जुन्या डिस्कलाच चिकटून होते, कारण तिच्यातल्या क्लबात ते स्वतः खेळायचे. दादाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. माणसाचा जबडा कसा वळतो हे त्याच्या हातात बसलेलं, त्यामुळे गेममधले दोघांचे चेहरे त्याने हुबेहूब जमवले होते. धाकट्याचं लहानपणी मोडलेलं नाकसुद्धा सोडलं नव्हतं. बचावात दादा, गोल मारायला धाकटा.

पण गेममध्ये हंगाम सरतात तसे खेळाडूही थकतात. धाकट्याचा वेग इतका उतरला की दादाने अंतिम सामन्यात त्याला बसवून ठेवलं आणि कप जिंकला.

"मला न विचारता?" धाकटा फणकारला.

"अरे, दम लागत होता."

"मला की त्याला?"

"दोघांनाही," दादा बोलून गेला.

धाकटा बसचालक. त्याच आठवड्यात हृदयाचा आलेख बघून डॉक्टरांनी त्याची बस काढून घेतली होती आणि त्याला डेपोतल्या टेबलाच्या कामावर बसवलं होतं. दादाला हे माहीत होतं. नेमकं तेव्हाच आठवलं नाही. धाकट्याने रिमोट ठेवला आणि चप्पल घालून चालता झाला.

या रविवारी दादाने एकट्यानेच हंगाम संपवला, तर पडद्यावर सूचना आली: धाकटा निवृत्त.

"गेला!" दादाने कपाळाला हात लावला. "आता कुठल्या तोंडाने बोलवू त्याला?"

"बाबा, पुढचा हंगाम तर सुरू कर," मुलगी म्हणाली. "निवृत्त झालेला माणूस इथे सतरा वर्षांचा होऊन परत येतो. तेच नाव, तोच चेहरा."

"हे कुणी ठरवलं?"

"गेम बनवणाऱ्यांनी. नाहीतर काही वर्षांत मैदान ओस पडेल ना!"

शोधल्यावर तो सापडला, पण नेमका यांच्या कट्टर शत्रूच्या क्लबात. बदल्यात गोलकीपर देऊ केला, नकार. दोन खेळाडू देऊ केले, तरी नकार. त्यांना कप्तान हवा होता, म्हणजे खुद्द दादा.

"तुझ्याशिवाय बचाव कोसळेल हं," मुलीने बजावलं.

दादाने बटण दाबलं आणि मग फोन उचलला. "ये. तुला पहिल्या मिनिटापासून खेळवायचंय."

धाकटा आला, पण नाक फुगवून. बूटही न काढता सोफ्याच्या कडेला टेकला. पडद्यावर सतरा वर्षांचं पोर धावत आलं आणि तो पुढे सरकला.

"केस बघ माझे! आणि नाक? जन्मतःच मोडलेलं?"

"माझं काम आहे ते. असं तसं सरळ होणार नाही."

धाकटा हसला नाही, पण रिमोट घेतला. मग त्याची नजर संघावरून फिरली. "बचावात हा कोण? तू कुठायस?"

दादाने हनुवटीने समोरचा संघ दाखवला. "तुला देईनात. मला मागत होते."

धाकट्याने समोरच्या संघात दादाचा चेहरा शोधला. "डोकं फिरलंय तुझं," तो हळूच म्हणाला.

शिट्टी झाली. पोर बाणासारखं सुटलं, तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या दादाने अलगद पाय घालून चेंडू काढून घेतला. धाकट्याने मागून धावत जाऊन त्याला सरळ आडवा केला. पंचाने पिवळं कार्ड काढलं.

"अरे!" सोफ्यावरचा दादा ओरडला. "आत्ता तर आलास!"

"तीन आठवडे वाट बघत होतो," धाकटा म्हणाला आणि बूट काढायला वाकला.