एक मिनिट हं, बाबा

ठकू तसबिरी मढवायची. काच कापणं, चौकटीचे कोपरे जुळवणं, मागून पुठ्ठा ठोकणं, सगळं एकटीच करायची. घाई तिच्या हाताला ठाऊक नव्हती. घरातली थोरली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि बाबांची लाडकी. बाबांचा जन्म बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी घरात "चहा फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" असंच बोलायचे. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अंग बरंचसं सावरलं, वाचा मात्र गेली.

इस्पितळात बसून बसून ती कंटाळते, म्हणून धाकट्या भावाने तिच्या फोनवर एक गेम घालून दिला. "वेळ जाईल तुझा, ताई." एक बाई कंदील घेऊन खाणीत उतरते, एवढीच त्यातली गोष्ट. पण दर वेळी खाण नवी, वाटा नव्या, अंगावर येणारी श्वापदं नवी. मेलं की जमवलेलं सगळं जातं आणि पुन्हा वरून सुरुवात. "हा काय खेळ झाला? केलं-सवरलं सगळं पाण्यात," ठकू पहिल्या दिवशी म्हणाली. आठवडा उलटायच्या आत ती त्याच्या प्रेमात पडली होती.

प्रेमच ते, दुसरा शब्द नाही. भाजी निवडताना तिला खाणीतली वळणं दिसायची. आपण कुठे चुकलो ते आठवून ती जिन्यात मध्येच थांबायची. दुकानात एका तसबिरीची कडी तिने खालच्या बाजूला ठोकली, तेव्हा गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, "बाई, आमचे आजोबा डोक्यावर उभे राहिलेत." ती हसली, पण ओशाळली नाही. घरी बाबांचा आजचा दिवस कालच्यासारखाच असायचा. खाणीत मात्र दर खेपेला काहीतरी नवं निघायचं, आणि हरलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "त्यांना काहीतरी विचारा आणि थांबा. त्यांच्या डोक्यात शब्दाची शोधाशोध चाललेली असते. मध्ये बोलू नका, नुसती वाट बघा." सुरुवातीला ठकू बाबांच्या ओठांकडे डोळे लावून वाट बघायची. ओठ हलायचे, घशातून घरघर यायची, शब्द काही यायचा नाही. मग त्या थांबण्यात तिने फोन उघडला. बसायचंच आहे, तर नुसतं कशाला बसायचं?

त्या दुपारी तिने बाबांसमोर कप धरून "हे काय?" असं विचारलं, कप खाली ठेवला आणि खाणीत उतरली. त्या दिवशी डाव असा काही जमला होता की ती कधी नव्हे ती तळाशी पोचली. जीव मुठीत धरून बोटं चालवताना तिला बाजूने काहीतरी ऐकू आलं. "एक मिनिट हं, बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

ती जिंकली. आनंदाने तिने वर पाहिलं, तर बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. आणि दारात वाळलेल्या कपड्यांचा ढीग कवेत घेऊन आत्या उभी होती, डोळे भरलेले.

"ऐकलंस ना गं? तुझं नाव घेतलं दादाने. ठकू म्हणाला, अगदी स्पष्ट."

"ऐकलं," ठकू म्हणाली.

आत्याने फोन करून करून सगळ्या नात्यात सांगितलं, की पहिला शब्द निघाला तो लेकीच्या नावाचा. सेवेचं फळ मिळालं म्हणून लोकांनी ठकूचं कौतुक केलं. ते ऐकताना बाबा तिच्याकडे बघायचे आणि तिला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

त्याच संध्याकाळी तिने गेम काढून टाकला. पुढे कितीतरी दिवस बोटं शिवशिवायची, पण ती मांडीखाली हात दाबून बाबांच्या ओठांकडे बघत राहायची. हळूहळू शब्द आले. पाणी, नको, खिडकी, धाकट्याचं नाव. तिला मात्र ते "अगं" म्हणायचे. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. या आजारात एखादा शब्द येतो आणि परत सापडत नाही." त्या खरंच सांगत असतील. पण बाबांना तो सापडत नव्हता की काढायचा नव्हता, हे विचारायचा धीर ठकूला झाला नाही. आणि पुढल्या थंडीत बाबा गेले.

माणसं पांगल्यावर भाऊ स्वयंपाकघरात तिच्याबरोबर कप विसळत होता. "नशीबवान आहेस, ताई. पहिली हाक तुला मारली त्यांनी."

"मी ऐकलीच नाही रे ती," ठकू म्हणाली. "फोनमध्ये होते. आत्याशी खोटं बोलले."

त्याने हातातला कप पालथा घातला. मग म्हणाला, "गेम मीच घालून दिला होता."

"घालून तू दिलास. खेळले मी."

त्याने नळ बंद केला आणि टेबलाशी दोघांसाठी खुर्च्या ओढल्या.

"कसे म्हणाले असतील गं?" त्याने विचारलं.

"आत्याला विचार," ठकू म्हणाली. "तिलाच ठाऊक."