टाके उसवावेत तसं

शिवणकाम करणाऱ्या सासूबाई दर रविवारी किनाऱ्यावरचा कचरा वेचायला जात. त्या दिवशी सूनही नाइलाजाने त्यांच्याबरोबर गेली. बाटल्या गोळा करता करता दोघींना एक कासव दिसलं. तुटक्या जाळ्याचा फास त्याच्या मानेत रुतला होता. तिथल्या सफाई कामगाराने घाईने सुरी काढली.

"थांब रे बाबा! सुरी सरकली तर मानच कापशील," म्हणत सासूबाईंनी पर्समधून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि ओल्या वाळूत फतकल मारली.

"आई, तुमचे गुडघे!"

"राहू देत गं. तू त्याच्या पाठीवर ओलं फडकं धर."

तासभर त्या एकेक धागा उचलून कापत राहिल्या. कासव फटकारे मारू लागलं की लहान मुलासारखी त्याची समजूत काढत. कातडीला ओरखडासुद्धा आला नाही. शिलाई मशीनच्या खटखटीवर रोज वैतागणारी सून आज त्या हातांकडे बघतच राहिली.

शेवटचा धागा तुटला आणि कासव पाण्यात शिरून दिसेनासं झालं. सुनेचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? मला उठव आधी, पायांना मुंग्या आल्यात. अजून अर्धं पोतं भरायचंय."

"तुम्ही बसा, आई," सून म्हणाली, "आज पोतं मी भरते."